बबल ट्यूब २.०६ दाखवते, मास फ्लो मीटर १.६४, मीटर खरंच बिघडलाय काय?

धूळमाप_बेळगाव

नमस्कार मंडळी, जरा अडकलोय म्हणून विचारायलोय. मी बेळगावातल्या एका छोट्या पर्यावरण लॅबमध्ये कामाला आहे. आमचं मुख्य काम म्हणजे उद्यमबाग, मच्छे इकडच्या फौंड्रीत जायचं, कामगाराच्या कॉलरला सायक्लोन (जाड धूळ बाजूला काढणारं छोटं यंत्र) आणि फिल्टर लावायचा, कमरेला पंप बांधायचा आणि शिफ्टभर त्याच्या श्वासाजवळच्या हवेत किती बारीक धूळ होती, त्यात सिलिका किती, हे काढायचं. पंप मिनिटाला किती लिटर हवा ओढतो हेच चुकलं तर पुढचं सगळं चुकलं, कारण धूळ भागिले हवा एवढंच ते गणित. माझे वडील बावीस वर्षं मोल्डिंगला होते, रात्री त्यांचा खोकला ऐकत मोठा झालोय, त्यामुळं हा आकडा माझ्यासाठी नुसता कागदावरचा नाही.

तर झालंय असं. पंप सेट करायला आमच्याकडं काचेची एक लिटरची बबल ट्यूब होती, साबणाचा पडदा खालच्या खुणेपासनं वरच्या खुणेपर्यंत जायला किती सेकंद लागले ते स्टॉपवॉचनं बघायचं. ती दीड महिन्यापूर्वी फुटली. मग लॅबमध्ये पडून असलेला थर्मल मास फ्लो मीटर काढला, डिजिटल आहे, पुण्याच्या लॅबचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आहे, मुदत पण संपलेली नाही. गेल्या आठवड्यात नवीन ट्यूब आली म्हणून सहज सगळे एका ओळीत जोडून बघितले. झिरो एअरचा सिलिंडर म्हणजे एकदम कोरडी हवा, त्याच्यापुढं मास फ्लो मीटर, मग एक जुना रोटामीटर (उभ्या नळीत गोळा तरंगतो, पट्टीवर प्रवाह वाचायचा), शेवटी बबल ट्यूब. एकच हवा तिघांतनं जाते, जोडांना साबण लावून गळती बघितली, नाही.

आकडे असे आले: मास फ्लो मीटर १.६४, रोटामीटर १.८५ आणि १.९० च्या मधे, आणि बबल ट्यूबला लिटरमागं सरासरी २९.१ सेकंद म्हणजे मिनिटाला २.०६ लिटर.

मास फ्लो मीटर स्टँडर्ड लिटर, म्हणजे ठराविक तापमान आणि दाबाला आणून मोजलेला लिटर, दाखवतो हे मला माहीत आहे, सर्टिफिकेटवर खाली बारीक अक्षरात ० अंश आणि १०१३.२५ मिलिबार लिहिलंय. म्हणून हिशोब पण केला. खोलीत ३२ अंश होतं, मोबाईलच्या हवामान ॲपमध्ये बेळगावचा दाब १०१० होता, मग २.०६ गुणिले १०१० भागिले १०१३.२५, गुणिले २७३.१५ भागिले ३०५.१५, उत्तर आलं १.८४. म्हणजे सगळं धरूनसुद्धा मीटर ११ टक्के कमी दाखवायलाय. सप्लायरला फोन केला तर तो म्हणतोय सेन्सर गेलाय, बदलावा लागेल, साहेब पण म्हणायलेत पाठवून दे. पण सहा महिन्यापूर्वीच पुण्याच्या लॅबनं हाच मीटर बरोबर म्हणून लिहून दिलंय की.

दोन प्रश्न आहेत. एक, कोण चुकतंय. दोन, ती कॅलिब्रेशन लॅब तरी कशावरनं ठरवते की तिचा आकडा खरा, त्यांच्याकडची यंत्रं चालतात कशी हे कुणी नीट समजावून सांगेल काय? नेटवर बघितलं तर सगळं विकणाऱ्यांनीच लिहिलेलं सापडतंय.

निपाणी_इन्स्ट्रुमेंट

सेन्सरवर तेल किंवा घाण बसली की थर्मल मीटर चुकीचा दाखवणारच, आमच्याकडं कंप्रेसरच्या लायनीत दोनदा झालंय. ११ टक्के म्हणजे लई झालं. सर्टिफिकेट असलं म्हणून काय, मधल्या सहा महिन्यात काय झालं कुणी बघितलंय. सेन्सर बदल, परत एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या लॅबमध्ये पाठव, विषय संपला.

जुना_तराजू

थांब बाळा, सेन्सर काढायची घाई करू नकोस. तेलानं सेन्सर मरतो हे निपाणीकरांचं म्हणणं खरं आहे, पण तुझ्याकडं सिलिंडरची स्वच्छ हवा आहे, आणि तुझे तीन आकडे ज्या अंतरानं एकमेकांपासून लांब पडलेत ते बघून मला तिन्ही मीटर जवळजवळ निर्दोष वाटतात.

आधी ॲपचं बघ. हवामान ॲप, टीव्हीवरच्या बातम्या, सांबऱ्याच्या विमानतळावरनं वैमानिकाला उंची लावायला सांगतात तो आकडा, हे सगळे दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेले असतात. म्हणजे बेळगावात समुद्राच्या पातळीएवढी खोल विहीर खणून तळाला उतरलास तर तिथं जेवढा दाब असेल तेवढा. तसं केल्याशिवाय गोवा, बेळगाव, पुणे यांचे आकडे एका नकाशावर ताडून बघता येत नाहीत, त्यामुळं हवामानवाल्यांचं काही चुकत नाही. पण तुझ्या टेबलावरची हवा तेवढी दाबलेली नाही. आपलं गाव समुद्रापासनं साडेसातशे मीटर उंच, इथं खरा दाब ९२६ मिलिबारच्या आसपास असतो. चोर्ला घाटातनं गोव्याला उतरताना अर्धी पिलेली पाण्याची बाटली झाकण घट्ट लावून ठेव, साखळीला पोचेपर्यंत चेपलेली असते, आणि येताना तिकडनं घेतलेली वेफर्सची पाकिटं घाट चढला की फुगतात. तो जो फरक, तोच तुझ्या हिशोबातनं सुटलाय.

आता तुझंच गणित ९२६ घालून कर, १.६९ येईल. ११ टक्क्यांतले आठ तिथंच गेले, तीन उरले. त्या तीन टक्क्यांबद्दल मला एक शंका आहे पण ती नंतर सांगतो, आधी तुझा दुसरा प्रश्न, कारण तो हल्ली कुणी विचारत नाही आणि मी नोकरीची पंचवीस वर्षं कॅलिब्रेशनच्याच खोलीत काढलीत.

वायूचा प्रवाह मोजायला शेवटी दोनच रस्ते आहेत. एक तर माहीत असलेली जागा भरायला किती वेळ लागला ते बघायचं, नाहीतर किती वजनाचा वायू किती वेळात गेला ते बघायचं. पहिल्या रस्त्यावरचं सगळ्यात जुनं आणि मला सगळ्यात आवडणारं यंत्र म्हणजे बेल प्रोव्हर. खानापूर, हुक्केरीकडं ज्यांच्या परड्यात तरंगत्या टाकीचा गोबर गॅस होता त्यांनी हे यंत्र बघितल्यातच जमा आहे. शेणकाल्यात उलटी घातलेली लोखंडी टाकी, गॅस भरला की वर येणारी आणि चूल पेटवली की खाली बसणारी. आमच्या बेलमध्ये शेणकाल्याच्या जागी पातळ तेल, टाकी वरपासनं खालपर्यंत एकसारख्या व्यासाची केलेली, आणि वरनं साखळीला वजनं बांधून जवळजवळ हलकी केलेली, त्यामुळं आतला दाब बाहेरच्यापेक्षा अगदी किंचितच जास्त. टाकी तेलात बुडत जाईल तसं तेल तिला उचलून धरायला लागतं, मग खाली जाताजाता दाब बदलू नये म्हणून वरच्या कप्पीला एक वेगळ्या आकाराची चकती असते, ती तेवढा भार भरून काढते. बाजूला पट्टी. टाकी ठराविक अंतर खाली किंवा वर जायला किती वेळ लागला ते मोजायचं, व्यास आधीच मोजलेला, झालं. म्हणजे वायूचं माप शेवटी कशावर उभं राहिलं तर लांबी आणि वेळ यावर, आणि ही दोन मापं माणसाला फार बारीक मोजता येतात. प्राथमिक मानक म्हणतात ते याला, कारण त्याला दुसऱ्या फ्लो मीटरची साक्ष लागत नाही.

मेहनत मात्र तापमानाची. तेल, टाकीतली हवा आणि खोली यात एक अंशाचा फरक राहिला तर ०.३ टक्के चूक तिथंच आली. सकाळी येऊन दारं लावून घ्यायची, दिवे लावायचे, आणि दुपारपर्यंत नुसतं थांबायचं. नवीन पोरांना वाटायचं म्हातारा काम करत नाही, पण ते थांबणं हेच काम असायचं.

तुझ्या कामाएवढ्या छोट्या प्रवाहाला बेल लागत नाही, तिथं पिस्टनवाला असतो. काचेची नळी, आत ग्रॅफाइटचा पिस्टन, दोघांच्या मधे केसापेक्षा कमी फट, तेल नाही की रबर नाही. वायू खालनं ढकलतो, पिस्टन वर चढतो, बाजूला प्रकाशाचे दोन डोळे असतात, एकासमोरनं गेला की घड्याळ चालू, दुसऱ्यासमोरनं गेला की बंद. तुझी बबल ट्यूब याच घराण्यातली, तिथं साबणाचा पडदा हाच पिस्टन. म्हणून तिला कमी लेखू नकोस, खुणा नीट आणि हात स्थिर असला तर ती फार प्रामाणिक आहे.

दुसरा रस्ता वजनाचा. सिलिंडर काट्यावर ठेवून किती ग्रॅम गेले ते बघायचं, किंवा टाकी रिकामी करून, म्हणजे आतली हवासुद्धा पंपानं ओढून, तिच्यात मोजून काही सेकंद वायू सोडायचा, तो निवला की दाब आणि तापमान घ्यायचं, टाकीचं आकारमान माहीत असतं म्हणून किती वायू आला ते निघतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मापन संस्थेत अशा ३४ आणि ६७७ लिटरच्या टाक्या आहेत. आपल्याकडं मापांचं मूळ घर दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, आणि प्रवाहाच्या मोठ्या कामाला केरळात पालक्काडची फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूट. पुण्याची लॅब आपलं उपकरण वरच्या लॅबकडनं तपासून आणते, ती तिच्या वरच्याकडनं, अशी साखळी असते आणि प्रत्येक कडीला थोडी अनिश्चितता वाढत जाते. सर्टिफिकेटवर अधिक-उणे म्हणून जो आकडा असतो तो मीटरच्या चुकीचा नसतो, ती या साखळीची अनिश्चितता असते. बरेच जण तिथंच गोंधळतात.

आता माझी शंका. तुझी हवा कोरडी आहे आणि ट्यूबमध्ये साबणाचं पाणी आहे. यावर जरा विचार कर आणि मला सांग.

धूळमाप_बेळगाव

काका, तुम्ही एवढं लिहिलंत, सकाळपासनं तीनदा वाचलंय. आमच्या एका मित्राच्या फोनमध्ये दाबाचा खराखुरा सेन्सर आहे, ॲपचा आकडा नव्हे, त्यात आत्ता ९२६ च दाखवायलाय. मी चार वर्षं या कामात आहे आणि सगळे रिपोर्ट करताना ॲपचाच दाब घेत होतो, कुणी सांगितलंच नाही.

पाण्याचं म्हणाल तर कोरडी हवा ट्यूबमधनं वर जाताना ओली होते, वाफ तिच्यात मिसळते, म्हणून आकारमान वाढतं आणि पडदा जास्त जोरात चढतो, असंच ना? पण किती ओली झाली हे कसं कळायचं, पूर्ण ओली की अर्धी?

आणि रोटामीटर मधेच का, १.८७ च्या आसपास, तो कुठल्याच हिशोबात बसंना झालाय.

जुना_तराजू

बरोबर ओळखलंस. आणि किती ओली हे कळत नाही म्हणूनच तिला आधीच पूर्ण ओली करायची. मास फ्लो मीटर आणि रोटामीटर झाल्यावर, ट्यूबच्या आधी, एक बाटली जोड, तळाशी पाणी आणि नळी पाण्यात बुडलेली, हवा बुडबुडत जाऊ दे. चुकूनसुद्धा मीटरच्या आधी लावू नकोस, पाणी सेन्सरवर गेलं तर मग सप्लायर खरा ठरेल. पाच-दहा मिनिटं तसंच चालू दे, ट्यूबच्या तोंडाशी थर्मामीटर धर, तापमान खोलीएवढं झालं की वेळ घे. मग हिशोब पक्का होतो. ३२ अंशाला पाण्याच्या वाफेचा दाब ४७.६ मिलिबार, ९२६ मधनं तो वजा कर, ८७८.४ राहतात, म्हणजे ट्यूबमधल्या दर लिटरमागं खरी हवा ०.९४९ लिटर. बघ, पाच टक्के नुसती वाफ. मे महिन्यात आणखी जास्त, डिसेंबरात सकाळी निम्मीसुद्धा नाही. आणि दहा वेळा तरी मोज, हातानं बटण दाबताना इकडंतिकडं ०.२ सेकंद जातातच, तीस सेकंदात ते खपतात, पण मोठ्या प्रवाहाला हीच लिटरची ट्यूब वापरलीस आणि लिटर सहा सेकंदात जायला लागला तर तीन टक्के नुसत्या अंगठ्याचे.

रोटामीटरचं वेगळं आहे. त्यातला गोळा तरंगतो कारण खालनं येणारी हवा त्याला तोलून धरते, आणि तोलायची ताकद हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर. बेळगावची हवा पातळ, त्यामुळं तोच गोळा तेवढ्याच उंचीवर धरायला जास्त वेगानं हवा लागते. पट्टी आखली ती २० अंश आणि समुद्रसपाटीच्या दाबाला. तुझ्याकडच्या हवेची घनता त्याच्या ०.८७८ पट, आणि इथं सरळ गुणायचं नाही, वर्गमूळ घ्यायचं, ०.९३७. खरा प्रवाह २.०० असेल तर रोटामीटर १.८७ दाखवणार. म्हणून तो मधे पडतो. छोट्या नळीत हवेचा चिकटपणा पण थोडा ढवळाढवळ करतो, त्यामुळं वर्गमूळाचा नियम अगदी तंतोतंत धरू नकोस, पण जवळपास येतो.

आणि एक. तुझा मास फ्लो मीटर वजन करत नाही, नाव तसं असलं तरी. आत एक बारीक नळी असते, ती तापवतात, वायू गेला की अलीकडची बाजू निवते आणि पलीकडची तापते, त्या दोन तापमानांतला फरक तो वाचतो. किती उष्णता वाहून गेली त्यावरनं किती रेणू गेले हे तो अंदाजतो. त्याला दाब कितीही असला तरी फार फरक पडत नाही, हा त्याचा गुण. पण वायू बदलला की हिशोब बदलतो, हे लक्षात ठेव.

मच्छे_वेल्डिंग

काकांनी शेवटी वायू बदलला की हिशोब बदलतो म्हटलं म्हणून मधेच विचारतो, माफ करा. आमच्याकडं मिग वेल्डिंगला कधी सीओटू, कधी आरगॉन मिक्श्चर, रेग्युलेटरवरचा रोटामीटर मात्र एकच. वेल्डमध्ये बारीक भोकं पडायलीत, पोरं म्हणतात गॅस कमी पडतोय, पट्टीवर तर १५ दिसतंय. आणि तपासायला असला डिजिटल मीटर घेतला तर चालेल काय?

जुना_तराजू

रोटामीटरमध्ये आरगॉनची पट्टी असून सीओटू सोडला तर फरक पाच टक्क्यांच्या आत, कारण दोघांची घनता जवळजवळ, हवेच्या १.३८ आणि १.५२ पट. त्यानं भोकं पडणार नाहीत. तू आधी टॉर्चच्या तोंडाशी किती गॅस येतो ते बघ, होजचे जोड आणि ओ रिंग बघ, आणि शेडमध्ये पंख्याचा वारा लागतोय काय ते पण. पट्टीवरचे १५ रेग्युलेटरपाशी निघालेले असतात, तोंडाशी पोचलेले नसतात.

डिजिटलवाला मात्र जपून. नायट्रोजनवर आखलेल्या थर्मल मीटरमधनं आरगॉन सोडलास तर खरा प्रवाह दाखवल्याच्या साधारण १.४ पट असतो आणि सीओटूला ०.७ पट. एकाच मीटरवर दोन वायू, आणि अंतर दुपटीचं. मिक्श्चर असलं तर आणखी गुंता. घेतलास तर वायू निवडायची सोय असलेला घे.

चिकोडी_बायोमेड

मी दवाखान्यातली उपकरणं बघते, म्हणून मला यात रस. आमच्याकडं भूल देण्याच्या मशीनवर ऑक्सिजनची नळी वेगळी, नायट्रस ऑक्साइडची वेगळी, गोळा एकाचा दुसऱ्यात घालायचा नाही, नळी तिरकी झाली किंवा धूळ बसून गोळा फिरायचा थांबला तरी आकडा खोटा. पण मला धूळमापला एक विचारायचं आहे, जे वरती कुणीच विचारलं नाही.

मीटर बरोबर की चूक हे झालं. पण तुझ्या पंपाला लिटर कुठला पाहिजे? तो दीड महिना तू मास फ्लो मीटरवर पंप सेट करत होतास ना. कामगार स्टँडर्ड लिटर श्वासात घेत नाही, तो बेळगावच्या हवेचा लिटर घेतो, ३२ अंशाचा आणि ९२६ मिलिबारचा. तुमचा सायक्लोन पण वेगावर चालतो, हवा आत गोल फिरते, जड कण बाहेर फेकले जाऊन खाली पडतात आणि बारीक तेवढेच फिल्टरवर जातात. तो वेग म्हणजे खऱ्या आकारमानाचा वेग. मीटर कितीही बरोबर असला तरी त्यावर वाचलेला आकडा तुझ्या कामाचा नसेल.

धूळमाप_बेळगाव

अक्का, तुमचं वाचून मी दहा मिनिटं नुसता बसून होतो.

आम्ही १० मिलिमीटरचा नायलॉनचा सायक्लोन वापरतो, त्याला १.७ लिटर पाहिजे. मी मास फ्लो मीटरवर १.७० आणून पंप लॉक करत होतो. म्हणजे खरा प्रवाह १.७० भागिले ०.८१८ (९२६ भागिले १०१३.२५, गुणिले २७३.१५ भागिले ३०५.१५), २.०८ लिटर. २२ टक्के जास्त. आणि रिपोर्टमध्ये हवा मात्र १.७ नं मोजली. हवा कमी धरली म्हणून धूळ जास्त दिसणार, पण सायक्लोन जास्त वेगानं फिरला म्हणून जे कण फिल्टरवर यायला पाहिजे होते त्यातले काही तो खाली टाकणार, म्हणजे धूळ कमी दिसणार. दोन चुका उलट दिशेच्या, किती कुठं गेली हे आता मागनं गुणाकार करून काढता येत नाही. बबल ट्यूब होती तोवर हा प्रश्न नव्हता, पंपानं ट्यूबमधनं हवा ओढली की ती जे दाखवते तोच खरा लिटर, वाफ पण पंपच ओढतो. आकड्याला डिजिटल डबा मिळाला म्हणून मी त्याच्यावर जास्त विश्वास ठेवला.

आज दुपारी काकांनी सांगितल्याप्रमाणं बाटली लावून परत केलं. खोलीत ३२, थर्मामीटरवर पण ३२, दाब ९२६. बारा वेळा मोजलं, सरासरी २८.५ सेकंद, म्हणजे ओल्या हवेचे २.१०५ लिटर. गुणिले ०.९४९ केलं, कोरड्या हवेचे २.०० आले. त्याला ९२६ भागिले १०१३.२५ आणि २७३.१५ भागिले ३०५.१५ लावलं, १.६३ आणि १.६४ च्या मधे. मीटरवर १.६४. रोटामीटरवर १.८७ धरायला हरकत नाही.

तिन्ही बरोबर आहेत. सप्लायरला सेन्सर नको म्हणून कळवलंय. साहेबांना सगळा कागद मांडून दाखवला, त्यांना पहिल्यांदा पटंना, मग त्यांनीच स्टॉपवॉच हातात घेऊन चार वेळा मोजलं.

निपाणी_इन्स्ट्रुमेंट

मान्य, मी घाईत बोललो. आमच्या इथं पण एक सोनिक नोझलचा कॅलिब्रेटर आहे, त्याला कधीच असा विचार केला नव्हता. त्यात दाबाचा आकडा गेजचाच टाकतो आम्ही, त्यात हवेचा दाब मिळवायचा तो १.०१३ बारच मिळवतो. चुकतंय काय मग?

जुना_तराजू

चुकतंय. सोनिक नोझल म्हणजे बारीक गळ्याचं तोंड, पुढचा दाब मागच्या दाबाच्या साधारण निम्म्यावर आला, हवेला ०.५२८ पटीवर, की गळ्यात वायू आवाजाच्या वेगानं धावतो आणि त्याच्या पुढं वेग वाढतच नाही. कारखान्याचं आवार कितीही मोकळं केलं तरी काट्यावरनं उसाच्या गाड्या तेवढ्याच सुटतात, तसं. पुढं काय चाललंय याचा परिणाम संपतो, उरतो फक्त मागचा दाब आणि तापमान, म्हणून तर ते एवढं भरवशाचं. पण तो मागचा दाब शून्यापासनं मोजलेला पाहिजे. गेजवर २ बार असेल तर समुद्रकाठी ते ३.०१३, निपाणीत २.९४ च्या आसपास. अडीच टक्के जास्त धरायलाय तुम्ही. एक बॅरोमीटर आणून टेबलावर ठेवा, त्याचं पण सर्टिफिकेट घ्या.

धूळमाप_बेळगाव

काका, अक्का, आणखी एकच. त्या दीड महिन्यात तीन फौंड्रीत सॅम्पल घेतलेत, त्यातल्या एकीच्या शेकआउटला आकडा मर्यादेच्या जरा खाली आला म्हणून आम्ही ठीक आहे असं लिहून दिलं. तिथं वाळू झटकणारी सात माणसं आहेत. साहेबांशी बोललोय, तिन्ही ठिकाणी स्वतः फोन करून सांगितलं की रिपोर्ट मागं घेतोय, पैसे न घेता परत सॅम्पल करणार. एक जण चिडला, दोघांनी बरं म्हणून सांगितलं. गुरुवारी सकाळच्या शिफ्टला शेकआउटवाल्यांकडनं सुरुवात.

जुना_तराजू

शाब्बास. पंप रात्रभर चार्जिंगला लाव. सकाळी निघायच्या आधी फिल्टर आणि सायक्लोन जोडलेल्या अवस्थेतच ट्यूबवर १.७ कर, नुसत्या पंपावर नको, फिल्टरचा अडथळा धरूनच प्रवाह बघायचा असतो. ट्यूब गाडीत जपून ने, शिफ्ट संपली की तिथंच परत मोज, पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर ते सॅम्पल बाद धर आणि दुसऱ्या दिवशी परत जा. खोलीचं तापमान आणि दाब कागदावर त्याच वेळी लिही, आठवून नको.

चिकोडी_बायोमेड

आणि ट्यूब आतनं साबणाच्या पाण्यानं सगळीकडं ओली करून घे, कोरड्या काचेवर पडदा मधेच फुटतो आणि वेळ जातो. गुरुवारचे आकडे इथं टाक, मी वाट बघते.